सादडेमाळची बदली

पंपहाउसातला फोन सुपरवायझरच्या टेबलावर असे. तो वाजला की फिटरांपैकी कुणी मान वर करत नसे, कारण फिटरांना फोन येत नसत. त्या दिवशी सुपरवायझरने काचेवर टिचकी मारून नरेंद्रला आत बोलावलं. हाताला ग्रीस होतं म्हणून त्याने रिसीव्हर दोन बोटांनी धरला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून नुकतीच कामाला लागलेली. "नमस्कार नरेंद्रजी, मी संस्थेच्या मुरबाडच्या ऑफिसातून बोलते, स्टोअर बघते. दीप्तीताईंकडचा पोरांचा वजनकाटा घरी राहिलाय का, एवढंच विचारायचं होतं." नरेंद्र म्हणाला, काटा बायको रोज सोबत नेते, आजही नेला असणार, तिलाच विचारा की. मुलगी म्हणाली, "नाही, म्हणजे पिशवी मिळाली, पण त्यात काटा नव्हता. पंचनाम्यात वस्तू सांगायच्या आहेत म्हणून." कसला पंचनामा, असं त्याने विचारलं. मागे कुणीतरी "काय गं, काय झालं?" म्हणालं. मग त्या मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं, "सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" पंप चालूच होते. ती पुढे काय बोलली त्यातलं 'ओढा' आणि 'ग्रामीण रुग्णालय' एवढंच त्याला नीट ऐकू आलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "काटा घरी नाही." विचारलेल्याचं उत्तर द्यायचं असतं म्हणून दिलं. रिसीव्हर ठेवला, आणि त्यावर लागलेलं ग्रीस शर्टाच्या बाहीने पुसलं.

नंतर त्याला समजलं की घरच्यांना कळवायचं काम संस्थेच्या त्या भागातल्या सुपरवायझरकडे होतं, सुपरवायझर रजेवर होता, आणि त्याच्या जागी कोण हे ठरलेलं नव्हतं. ऑफिसातल्या प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने कळवलं असेल. कुणी वाईट नव्हतं. हेच त्याला सर्वांत जास्त जाळत राहिलं. एखादा तरी वाईट माणूस हवा होता, ज्याची कॉलर धरता आली असती. कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या जीपमध्ये तो पुढच्या सीटवर बसला होता, आणि ड्रायव्हर जागोजाग थांबून माणसं भरत होता. नरेंद्रला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबू नको, माझी बायको मेली आहे. पण त्याने तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. बाहेर भाताची खाचरं हिरवीगार होती, आवण्या संपत आल्या होत्या, बायका ओणव्या होऊन रोपांच्या शेवटच्या मुठी लावत होत्या, आणि त्याला प्रत्येकीच्या पाठीत दीप्ती दिसत होती. खरं तर दीप्तीने कधी कुणाच्या खाचरात आवणी केली नाही. ती बांधावर उभी राहायची.

रुग्णालयाच्या पडवीत एक काळासावळा माणूस उकिडवा बसला होता, अंगावर ओला बनियन, खांद्यावर तसाच ओला टॉवेल. तो सोमा, ओढ्यापलीकडच्या सादडेमाळ पाड्यावरचा. त्यानेच दीप्तीला ओढ्यातून बाहेर काढलं होतं. नरेंद्रला बघून तो उठला आणि हात जोडले, जसा काही गुन्हा त्याचाच होता. "दादा, आमाला ठावं नव्हतं बाई येनार हाय म्हणून. ठावं असतं तर पान्यावर मानूस धाडला नसता का आमी?" नरेंद्रने विचारलं, ती उतरली कुठून. "गाडीवाटेनं उतरली. ती वाट रेतीवाल्यांची, दादा. गाड्या थेट पान्यात घालतात आन् रेती भरतात. तिथं ह्यो एवढा डोह झालाय. आमी तिथनं ढोरं पन उतरवत नाय. आमी वर जातो, उंबराकडनं. पन ह्ये नव्या मानसाला कोन सांगंल? बाई बघंल वाट, बघंल चाकाची निशानी, म्हनंल गाडी जाते तर मानूस जाईलच की." सोमाचं बोलणं ऐकताना नरेंद्रला कळत होतं की दीप्तीने अगदी हेच म्हटलं असणार. त्यांच्या किन्हवलीकडच्या गावांत जिथून गाडी उतरते तिथूनच माणसं उतरतात. तिकडे ओढ्यांत कुणी रेती काढत नव्हतं. गाडीवाटेवर भरवसा ठेवायचा हे ती लहानपणापासून शिकली होती, आणि तोही.

तिकडे करपटपाडा, आणि त्याच्या आजूबाजूचे चार-पाच पाडे, ही दीप्तीची कामाची गावं. एका पावसाळ्यात त्या भागात पोरं गेली, बाळसं गळून, हगवण लागून, आणि मग सगळ्यांना जाग आली. कुठल्या कुठल्या देशांतून मुरबाडच्या संस्थेला पोरांच्या वजनाच्या कामासाठी मदत आली. किन्हवलीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ताराबाईंनी ते काम हातात घेतलं, आणि दहावी-बारावी झालेल्या गावच्याच बायका गोळा केल्या. दीप्ती त्यांतली. ताराबाईंचं काही शास्त्र नव्हतं. त्या म्हणायच्या, पोर आईच्या पाठीवर असतं आणि आई जिथे कामाला असते तिथे असते, तेव्हा तुम्ही तिथे जा. म्हणून दीप्ती आवणीच्या दिवसांत बांधाबांधाने हिंडायची, काटा झाडाच्या फांदीला अडकवायची, आणि बायका चिखलाचे हात पदराला पुसून एकेक पोर झोळीत घालायच्या. पोर रडायचं, बायका हसायच्या. "ए ताई, माझ्या सासूला पन बसव त्यात, बघू किती भरते!" दीप्ती घरी येऊन हे सगळं त्याला सांगायची, भाकरी थापता थापता, आणि त्याची आई गोजाबाई कोपऱ्यातून म्हणायची, "तुझ्याच पोटाला काय घालतात का गो ते? की नुसती वजनं?" दीप्तीचा प्रत्येक पाड्याचा दिवस ठरलेला असे. त्या दिवशी पाड्यावरचं कुणी ना कुणी ओढ्यापर्यंत उतरून यायचं, हातात कळकाची काठी घेऊन. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. ज्याची वाट बघतो त्याला पाण्यात एकटं सोडायचं नाही, एवढंच. ती अलीकडे थांबायची, पलीकडून काठी यायची, आणि काठी धरून ती जायची. चार पावसाळे ती तशीच गेली, आणि चार पावसाळे नरेंद्रने पंपहाउसात बसून कधी काळजी केली नाही.

मग संस्थेत नवे संचालक आले. पुण्याहून आले, शिकलेले, बोलायला गोड. त्यांचं आडनाव नरेंद्रच्या तोंडात कधीच बसलं नाही, तो त्यांना साहेबच म्हणायचा. ते आले ते उगाच नव्हे. दुसऱ्या एका भागात एका बाईने आपल्या नात्यातल्या पोरांची वजनं घरी बसूनच लिहिली होती, आणि ते उघड झालं होतं. हे खरं होतं, दीप्तीनेही कबूल केलं होतं. ताराबाईंना दिसत नसे ते हे एकच. त्या माणसावर विश्वास ठेवायच्या आणि मागे वळून बघायच्या नाहीत. साहेबांनी मागे वळून बघायची सोय केली. चार्ट आले, भेटींचे टप्पे आले, प्रत्येक पाड्याला एक ठिकाण ठरलं, समाजमंदिर नाहीतर शाळेची खोली, आणि आयांनी तिथे पोरं घेऊन यायचं असं झालं. मग फेरपालट आली. कुणी एकाच गावात फार दिवस राहिलं की गुंततं, गुंतलं की खोटं लिहितं, म्हणून दर काही महिन्यांनी सगळ्यांनी गावं बदलायची. बायका हसल्या. "साहेब खो-खो खेळतो." एकीने दुसरीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हटलं आणि सगळा हॉल हसला, साहेबसुद्धा हसले. दीप्तीने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा नरेंद्रही हसला होता. आता तो हॉल त्याच्या डोळ्यांपुढे यायचा, आणि त्याला हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाचं थोबाड फोडावंसं वाटायचं.

एका चुकार बाईसाठी सगळ्यांना उपटलं. पंपहाउसात एक व्हॉल्व गळतो म्हणून कुणी सगळे व्हॉल्व काढून एकमेकांच्या जागी बसवत नाही. एवढं त्याला कळत होतं, आणि त्याला कळतं ते तिकडे कुणी विचारणार नव्हतं. दीप्तीला सादडेमाळ मिळाला, मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या अंगाला, किन्हवलीहून दोन गाड्या बदलून. तिच्या जागी करपटपाड्याला अनिता गेली. अनिता चांगली पोरगी, मुरबाडची. पहिल्या दिवशी ती शाळेच्या खोलीत दुपारपर्यंत बसली आणि कुणीही आलं नाही. मग ती बांधावर गेली, तेव्हा जिवली नावाच्या बाईने खाचरातूनच विचारलं, "तू कोन गो? आमची बाई कुठंय?" अनिता म्हणाली, आता मीच. जिवली म्हणाली, "म्हंजे तुला आता पैल्यापासनं शिकवू? तिला शिकवता शिकवता माझं जवानपन गेलं." हे अनितानेच दीप्तीला सांगितलं, आणि दोघी हसल्या, पण दीप्ती घरी आली तेव्हा हसत नव्हती. जिवलीची पोरगी, सावळी, वजनात अडकली होती. महिनाभर काटा जागचा हलला नव्हता, आणि नंतर जेमतेम हलायला लागला होता. "अवो, आताच हललाय. आता सोडली तर परत बसंल." नरेंद्र म्हणाला होता, मग सोड नोकरी. ती म्हणाली, "नोकरी सोडून पोरगी कशी धरू?" तेव्हा त्याला ते बाईचं हट्टी बोलणं वाटलं होतं. आता रोज संध्याकाळी चहाचा कप हातात असताना ते बोलणं आठवायचं आणि चहा तसाच राहायचा.

आणि ती येणार हे सादडेमाळला कुणालाच माहीत नव्हतं. हे असं झालं. सादडेमाळची आधीची बाई पुढच्या गावाला गेली, तिने नवा दिवस पाड्यावर सांगून जायचं होतं, पण तिचीही बदली त्याच आठवड्यात लागली आणि ती सांगायच्या आत हलली. तिथल्या पहिल्याच दिवशी दीप्ती ओढ्याशी पोचली. नरेंद्रने ती वेळ इतक्यांदा मनात उभी केली की आता तिथला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा होता, जरी तो तिथे नंतर एकदाच गेला. ती अलीकडे थांबली असणार. पाणी फार नव्हतं, असं सोमा म्हणाला, मांडीएवढं, पण गढूळ. ती थांबून राहिली असणार, काठी येईल म्हणून. पलीकडे पाड्याची कौलं दिसतात. तिने हाक मारली असेल का? सगळा पाडा आवणीला गेलेला, हाक कुणाला जाणार? मग तिने विचार केला असणार की वेळेत पोचलं नाही तर ठिकाण बंद दाखवतील, आणि आढाव्यात बोलणी खावी लागतील. ती इकडे तिकडे बघत राहिली असणार आणि तिला गाडीवाट दिसली असणार. चाकांचे ताजे माग. आपल्याकडे असतात तसेच. तिला बरंसुद्धा वाटलं असेल. ह्या 'बरं वाटलं असेल'शी येऊन नरेंद्रचा विचार थांबायचा.

तो ताराबाईंकडे गेला. त्यांनी दार उघडलं, त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि रडल्या. त्याला रडणं नको होतं. तो म्हणाला, "बाई, संस्थेच्या शोकसभेला या आणि बोला. तुम्ही बोललात तर ऐकतील." ताराबाई म्हणाल्या, "माझं आता कोण ऐकतं रे. मी बाजूला झाले." "बाजूला कशाला झालात? चार बायका घेऊन तिथेच बसला असतात तर?" त्यांनी त्याच्यापुढचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला आकडे दाखवले त्यांनी, नरेंद्र. खोटे निघालेले. माझ्याकडे उत्तर नव्हतं." तो उठला. दारात वळून तो म्हणाला, "उत्तर नव्हतं म्हणून तुम्ही गेलात, आणि आमच्या घरातून ती गेली." बोलून झाल्यावर त्याला वाटलं, म्हातारीला असं बोलायला नको होतं. पण मागे फिरला नाही.

घरचं पुण्यानुमोदन विहारात झालं, ते ठीक झालं, माणसं आली, वंदना झाली. संस्थेची शोकसभा मात्र मुरबाडला तिमाही आढाव्याच्या दिवशीच ठेवली होती. सगळ्या बायका त्या दिवशी येतातच, वेगळा खर्च नको, वेगळा दिवस मोडायला नको. आधी आढावा, मग शोकसभा. गोजाबाई आणि नरेंद्र पोचले तेव्हा आढावा लांबला होता आणि त्यांना बाहेर बाकावर बसवलं. आतून साहेबांचा आवाज येत होता, कुठल्या भागाची हजेरी घसरली, का घसरली. अनिताचा आवाज आला, हळू: "सर, बाया येत नाहीत, ओळखत नाहीत मला." साहेब म्हणाले, "ओळख हा निकष नाही, अनिताताई. सेवा हा निकष आहे." गोजाबाईने विचारलं, "काय बोलला तो?" नरेंद्र म्हणाला, "काय नाय."

मग दार उघडलं. भिंतीवरचा तक्ता कुणीतरी घाईने गुंडाळला आणि तिथे दीप्तीचा फोटो ठेवला. ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, म्हणून चेहरा धुरकट. साहेब बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. ते ओले डोळे नरेंद्रला सहन होईनात. नुसता ढोंगी असता तर सोपं होतं. साहेब म्हणाले, दीप्तीताई संस्थेचा कणा होत्या, कर्तव्यावर असताना दुर्दैवाने वाट चुकल्या, त्यांच्या नावाने दर वर्षी सर्वांत चांगली हजेरी असलेल्या केंद्राला पुरस्कार दिला जाईल. टाळ्या वाजवायच्या की नाही हे बायकांना कळेना. दोघी-तिघींनी वाजवल्या आणि थांबल्या. "नरेंद्रजी, दोन शब्द."

नरेंद्र उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. "ती वाट चुकली नाही," तो म्हणाला. "तिच्या गावाकडे वाट अशीच असते. तिथे ती चार पावसाळे चालली. तुम्ही तिला तिथून काढली आणि जिथे तिला कुणी ओळखत नाही, जिथे ती येणार हे कुणाला माहीत नाही, तिथे पाठवली. मला पुरस्कार नको. तुम्ही फक्त म्हणा, आम्ही पाठवली."

"नरेंद्रजी, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो..."

"समजू नका. म्हणा."

हॉलमध्ये कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.  साहेब काहीतरी म्हणणार असं वाटलं, तोंड उघडलंही, मग शेजारी बसलेल्या, संस्थेला पैसे देणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांकडे त्यांनी बघितलं आणि मिटलं. नरेंद्रने ते नीट पाहिलं. "बरं, ते राहू दे," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला, "ह्या समोर बसलेल्या बायका. ह्यांना ज्याच्या त्याच्या गावात परत पाठवा. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगा. तिकडे करपटपाड्याला सावळी नावाची पोरगी आहे, तिच्याकडे कुणी जात नाही. माझी बायको गेली ती गेली, त्या पोरीचं काय?"

साहेब म्हणाले, "धोरण असं एका माणसाला बदलता येत नाही. मार्चच्या बैठकीत विषय ठेवतो, माझा शब्द."

तेव्हा मागून गोजाबाई बोलली. ती बसूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आन् बदल्या करताना रे बाबा? तवा कुठली बैठक घेतलीस? माझ्या सुनेला पान्यात एकटीला घातलीस, तवा कुनाला इचारलंस?"  अनिता रडायला लागली. एक बाई उठून म्हणाली, "सर, आम्हाला पण परत जायचंय," आणि तिच्या शेजारणीने तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं, कारण नोकरी होती. नरेंद्रला त्या शेजारणीचाही राग आला, आणि ती कुठल्या घरची, किती पोरं तिला, हेही त्याला ठाऊक होतं. शाल घेऊन आलेल्या मुलीला त्याने हातानेच थांबवलं. ही तीच असावी, फोनवरची. तिने मान वर केली नाही. तो आईला घेऊन बाहेर पडला.

त्यानंतर तो एकदा सुट्टीच्या दिवशी सादडेमाळला गेला. सोमाने त्याला उंबराकडची वाट दाखवली, मग गाडीवाट दाखवली. रेतीच्या गाड्या उभ्या होत्या, दोन माणसं पाण्यात फावडी मारत होती. नरेंद्र म्हणाला, इथे काही घालायला पाहिजे, दगड, काटेरी झुडपं, काहीतरी. सोमा म्हणाला, "घातले होते दादा, त्यांनीच काढले."  परतताना नरेंद्र करपटपाड्याला जाऊन आला. जिवली दारात होती, सावळी तिच्या मांडीवर, हात काड्यांसारखे. "तू तिचा नवरा ना?" ती म्हणाली. "तिला सांगायचं होतं, पोर पुन्हा खाईना झालीय." तिला माहीत होतं दीप्ती गेली ते. तरी तिने असंच म्हटलं. नरेंद्र म्हणाला, दवाखान्यात न्या. ती म्हणाली, "नेते ना. पन तिकडं गेल्यावर कोन बोलतं आमच्याशी?" तो उभा राहिला. वजन करता येत नाही, पोराला काय घालायचं ते माहीत नाही, आणि तरी परत जाववत नाही, असा. पंपहाउसातली नोकरी करून एवढंच त्याला जमत होतं, दारात उभं राहणं. शेवटी तो स्वतःच त्या दोघींना घेऊन शहापूरच्या दवाखान्यात गेला, दिवसभर बसला, आणि तिथल्यांनी सावळीला ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडल्यावर घरी कुणीतरी आठवड्याला बघायला पाहिजे, नाहीतर पुन्हा इथेच येईल.

मार्चची बैठक झाली. विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीसाठी ठेवला, असं अनिताने सांगितलं. पुरस्कार मात्र दिला गेला, मुरबाडच्या एका केंद्राला. सावळी घरी आली आहे. तिला आठवड्याला बघायला कुणी जात नाही, कारण करपटपाड्याला आता तिसरी बाई आली आहे आणि तिला अजून ते घर सापडलेलं नाही. पावसाळा तोंडावर आहे आणि अनिताचं नाव सादडेमाळला लागलं आहे. नरेंद्रने तिला उंबराची वाट समजावून सांगितली. साहेब अजून 'आम्ही पाठवली' असं म्हणालेले नाहीत, आणि फेरपालट चालू आहे.